आधी पैसे, मग संगणक

टपालाने संगणक मागवणे म्हणजे न पाहिलेल्या वस्तूचे पूर्ण पैसे अनोळखी विक्रेत्याकडे आधी पाठवायचे आणि मग वस्तूची वाट पाहायची. मासिकात जाहिरात येई, तिच्या तळाशी तुटक रेषेने आखलेले कूपन असे, आणि ग्राहक ते कापून, त्यावर नाव-पत्ता लिहून, धनादेश जोडून पाठवत असे. १९७५ नंतरची दोन दशके अमेरिका आणि ब्रिटनमध्ये घरगुती संगणकांच्या व्यापाराचा मोठा भाग या पद्धतीने चालला. उशीर, अपुरे सामान, न चालणारे यंत्र, परत पाठवण्याचा जाच आणि क्वचित उघड फसवणूक, अशा त्याबद्दलच्या तक्रारीही तितक्याच मुबलक होत्या. या तक्रारी विक्रेत्यांच्या आळसाच्या किंवा लबाडीच्या खात्यावर मांडून मोकळे होण्याची प्रथा आहे. परंतु या व्यापाराचा इतिहास नीट पाहिला तर बहुतेक तक्रारींचे मूळ पैशाच्या व्यवस्थेत सापडते. संगणक बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांपाशी खेळते भांडवल, म्हणजे कच्चा माल घेण्यासाठी आणि कामगारांना पगार देण्यासाठी रोज लागणारा पैसा, जवळपास नसे, आणि ती उणीव ग्राहकाच्या आगाऊ रकमेने भरून निघे. कूपन भरणारा मनुष्य स्वतःला खरेदीदार समजत असला, तरी प्रत्यक्षात तो कंपनीला बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज देत होता.

या व्यवस्थेची सुरुवात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क या शहरात झाली असे म्हणता येईल. तेथील मिट्स ही कंपनी गणकयंत्रांच्या, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या, भावयुद्धात होरपळून जवळजवळ ३ लाख डॉलरच्या कर्जात बुडाली होती. तिचे चालक एड रॉबर्ट्स यांनी शेवटचा डाव म्हणून अल्टेअर ८८०० हा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या स्वरूपात विकायचे ठरवले. त्यात बसवलेल्या इंटेलच्या ८०८० या प्रक्रियकाची, म्हणजे सर्व आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपची, किरकोळ किंमत सुमारे ३६० डॉलर होती. रॉबर्ट्स यांनी घाऊक खरेदीचे आश्वासन देऊन ती नगामागे ७५ डॉलरवर आणली आणि त्यामुळेच संपूर्ण संच ३९७ डॉलरला देणे त्यांना जमले. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकात मुखपृष्ठावर अल्टेअर झळकला. त्या मुखपृष्ठाची हकीकत या व्यापाराला साजेशीच आहे. तयार झालेला एकमेव नमुना रेल्वेच्या पार्सलसेवेने न्यूयॉर्कला संपादकांकडे रवाना करण्यात आला, तो वाटेतच गहाळ झाला, आणि छायाचित्रासाठी आत काहीही नसलेली पोकळ पेटी उभी करावी लागली. वाचकांनी पैसे पाठवले ते त्या पेटीचे चित्र पाहून.

काही शे मागण्या येतील असा रॉबर्ट्स यांचा अंदाज होता. फेब्रुवारीपर्यंत हजारभर आल्या. साठ दिवसांत माल पोचेल असे कंपनीने कळवले होते, पण तेवढ्या संख्येने संच भरून पाठवण्याची तिची ताकदच नव्हती आणि साठ दिवसांचे कित्येक महिने झाले. कॅलिफोर्नियातील हौशी तंत्रज्ञ स्टीव्ह डॉम्पियर आपल्या मागणीचे काय झाले हे पाहण्यासाठी थेट अल्बुकर्कला जाऊन धडकला. आपल्या पैशातून नेमके काय उभे राहिले आहे हे पाहायला एक धनकोच ऋणकोच्या दारी आला होता. ऋणको मिट्स होती, डॉम्पियर धनको होता, आणि दोघांनाही याची स्पष्ट जाणीव नव्हती. परतल्यावर त्याने जी माहिती सांगितली ती हौशी संगणकप्रेमींच्या होमब्रू कम्प्युटर क्लबच्या सदस्यांनी कान टवकारून ऐकली, कारण त्यांच्यापैकी अनेकांचे धनादेश त्याच पत्त्यावर गेलेले होते.

संच हाती पडल्यावर दुसरी अडचण सुरू होई. पेटीतून निघे ते यंत्र नव्हे, तर मुद्रित मंडळे, रोधक, धारित्रे, स्विच आणि चिप यांचा ढीग. मुद्रित मंडळ म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांनी भागांना जोडणारी पाटी, आणि तिच्यावर एकेक भाग सोल्डर करून, म्हणजे वितळलेल्या कथिलाच्या मिश्रधातूने जोडून, ग्राहकानेच यंत्र उभे करायचे होते. एखादा सांधा कच्चा राहिला तर यंत्र मुके राही, आणि दोष ग्राहकाच्या हाताचा की कंपनीच्या भागाचा हे ठरवायला दोघांपाशीही साधन नसे. सगळे ठीक जुळले तरी मूळ संचातली स्मृती केवळ २५६ बाइटची होती. एका अक्षरासाठी एक बाइट लागतो असे धरल्यास त्यात एक परिच्छेदही मावणार नाही. उपयोगाचे काही करायचे तर स्मृतीचे जादा मंडळ विकत घेणे भाग होते, आणि मिट्सची ४००० बाइटची मंडळे बेभरवशाची म्हणून कुप्रसिद्ध झाली. पुढचा पेच कंपनीच्या विक्रीधोरणाने घातला. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी लिहिलेली बेसिक ही आज्ञावली-भाषा स्मृतीच्या मंडळाबरोबर घेतल्यास अगदी स्वस्तात मिळे आणि एकटी घेतल्यास कित्येक पट महाग पडे. न चालणारे मंडळ घ्यायचे की परवडणार नाही अशी भाषा घ्यायची, यांतून ग्राहकांनी तिसराच मार्ग शोधला. त्यांनी प्रोसेसर टेक्नॉलॉजी या प्रतिस्पर्धी कंपनीची चालणारी मंडळे घेतली आणि बेसिक छिद्रांच्या कागदी फितीवरून नकलून आपसांत वाटली. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना चोर ठरवणारे जे जाहीर पत्र लिहिले, त्याच्या पार्श्वभूमीवर हा सदोष मंडळांचा मामला होता. पत्राचा उल्लेख करणारे बहुतेक लोक मंडळांचा उल्लेख करत नाहीत, हे मात्र अन्यायाचे आहे.

मासिक आणि बाजार यांच्यातल्या कालांतराने या अडचणीत भर घातली. मासिकाची छपाई आणि वितरण यांना वेळ लागे, म्हणून जाहिरातीचा मजकूर अंक वाचकाच्या हाती पडण्याआधी दोन-तीन महिने द्यावा लागे. स्मृतीच्या चिपचे भाव मात्र आठवड्या-आठवड्याला हलत. भाव उतरले तर कूपन भरणाऱ्याला आपण जुन्या दराने लुटले गेलो असे वाटे. चढले तर विक्रेता मागणी बाजूला ठेवून माल संपल्याचे कळवे. १९८८ मध्ये स्मृतीच्या चिपचा तुटवडा पडला आणि भाव भडकले, तेव्हा छापील दराला काही अर्थच उरला नाही आणि अनेक जाहिरातींत आकड्याच्या जागी फोन करून भाव विचारा एवढाच मजकूर दिसू लागला. छापील आकड्यालाही पोटकलमे असत. तो बहुधा रोखीचा किंवा धनादेशाचा भाव असे आणि कार्डाने पैसे देणाऱ्याला काही टक्के जास्त मोजावे लागत. धनादेश पाठवणाऱ्याचा माल धनादेश वटेपर्यंत दोन-तीन आठवडे अडकून राही. टपालखर्च आणि हाताळणीखर्च वेगळा. सर्वांत स्वस्त दिसणारी जाहिरात शेवटी सर्वांत स्वस्त ठरेलच असे नसे.

या व्यवस्थेत उघड फसवणुकीला जागा असणे स्वाभाविक होते. ॲरिझोनातील टूसॉन येथे १९७९ मध्ये वर्ल्ड पॉवर सिस्टिम्स नावाने जाहिराती देणाऱ्या कंपनीने जी मंडळे विकायला काढली ती मुळात अस्तित्वातच नव्हती, आणि ग्राहकांचा आगाऊ पैसा व पुरवठादारांचा उधारीचा माल घेऊन तिचे चालक हातावर तुरी देऊन पसार झाले. ही कंपनी आणि मिट्स यांच्यात हेतूचा फरक जमीन-अस्मानाचा आहे, यात शंका नाही. परंतु घरी बसून धनादेश पाठवणाऱ्याला तिसऱ्या महिन्यात हा फरक कसा कळावा? दोन्हीकडून पहिल्यांदा आश्वासन येई, मग काहीच येत नसे.

अमेरिकेच्या कायद्याने हा प्रश्न संगणकांचा टपालव्यापार फोफावण्याआधीच हेरला होता. फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारी व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा टपालविक्रीचा नियम फेब्रुवारी १९७६ पासून लागू झाला. जाहिरातीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर मागणी आल्यापासून ३० दिवसांत, माल रवाना होईल असे मानायला विक्रेत्यापाशी सबळ कारण असले पाहिजे, अशी त्याची मुख्य अट आहे. ते जमत नसेल तर विक्रेत्याने ग्राहकाला कळवायचे आणि थांबायचे की पैसे परत घ्यायचे याची निवड त्याला द्यायची. पण नियमाची शब्दरचना बारकाईने वाचली तर त्याच्या मर्यादा दिसतात. घड्याळ चालते ते माल रवाना होईपर्यंत, पोचेपर्यंत नव्हे. पहिला विलंब ३० दिवसांच्या आत असेल आणि ग्राहक गप्प राहिला, तर ते गप्प राहणे हीच संमती समजली जाते. आणि रवाना झालेले यंत्र चालते की नाही, याच्याशी या नियमाला देणेघेणे नाही. त्याच सुमारास, १९७५ च्या ऑक्टोबरात, लागू झालेल्या उधारीच्या बिलांविषयीच्या कायद्याने कार्डधारकाला जास्त धारदार हत्यार दिले. ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही, तर बिल आल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवून ती रक्कम अडवून धरता येऊ लागली. विक्रेते कार्डावर जादा आकार लावत आणि धनादेशाला सवलत देत, त्यामागे बँकेचे कमिशन हे कारण होतेच. कार्डाचा पैसा परत ओढून घेता येतो आणि वटलेला धनादेश येत नाही, हेही त्या सवलतीत सामावलेले होते.

ब्रिटनमध्ये हाच खेळ जास्त मोठ्या प्रमाणावर, आणि एकाच माणसाच्या नावाभोवती, खेळला गेला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा सगळा धंदाच टपालविक्रीवर उभा होता. फेब्रुवारी १९८० मधील झेडएक्स ८० तयार स्थितीत ९९.९५ पौंडांना, संच स्वरूपात ७९.९५ पौंडांना होता. पुढच्या वर्षीचा झेडएक्स ८१ अनुक्रमे ६९.९५ आणि ४९.९५ पौंडांवर उतरला. सामान्य कुटुंबाला परवडणारा संगणक ब्रिटनला मिळाला तो या किमतींमुळे, आणि या किमती शक्य झाल्या त्या दुकानदाराचा वाटा वगळल्यामुळे व माल बनण्याआधी पैसा हातात आल्यामुळे, हे मान्य करावेच लागेल. काटकसर यंत्रातही दिसे. झेडएक्स ८१ च्या मागच्या खाचेत स्मृतीचा १६ किलोबाइटचा ठोकळा खोचावा लागे, तो तिथे सैल बसे, आणि कळ दाबताना टेबल जरासे हलले तरी संपर्क तुटून तासाभराचे टंकलेखन क्षणात पुसले जाई. मालकांनी यावर रबरी फिती आणि भिंतीवर कागद चिकटवण्याची चिकणमाती असे घरगुती इलाज केले. दुकानात हात लावून पाहिलेला ग्राहक असा ठोकळा कदाचित घेताही ना. सप्टेंबर १९८१ मध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ या साखळीने झेडएक्स ८१ दुकानांत ठेवला, तेव्हा न चालणारे यंत्र काउंटरवर आपटून बदलून मागण्याची सोय पहिल्यांदा झाली.

एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर यांचा पुढचा संगणक, स्पेक्ट्रम, जाहीर झाला. किंमत १२५ आणि १७५ पौंड, पोच २८ दिवसांत. ब्रिटिश जाहिरातींमध्ये २८ दिवस हा शब्दप्रयोग इतका रुळला होता की तो मुदत न राहता शिष्टाचार बनला होता. मागण्यांचा ढीग साचला, डंडी येथील टायमेक्सच्या कारखान्यातून यंत्रे हळूहळू बाहेर पडली, आणि उन्हाळा सरेपर्यंत हजारो लोक कूपनाच्या पावतीवर दिवस मोजत राहिले. उशिराचे एक कारण पेटी उघडून पाहणाऱ्यांना दिसले. पहिल्या खेपेच्या मंडळावर, सुबक मांडणीच्या मधोमध, एक छोटी चिप पाय वर करून उलटी चिकटवलेली असे. सिंक्लेअर यांच्यासाठी खास बनवलेल्या मुख्य चिपमधील एक चूक उत्पादन सुरू झाल्यावर लक्षात आली, नवी चिप बनवायला वेळ नव्हता, म्हणून ही जोडचिप डकवून वेळ मारून नेली गेली. मालकांनी तिला मेलेले झुरळ असे नाव ठेवले. पैसे आधी घेतलेले असल्यामुळे थांबून चूक सुधारण्याची मोकळीक कंपनीला उरली नव्हती, हे त्या झुरळाकडे पाहून कळते.

१२ जानेवारी १९८४ ला जाहीर झालेल्या क्यूएल या ३९९ पौंडांच्या संगणकाच्या वेळी तर बाजारात तुरी असा प्रकार झाला. घोषणेच्या दिवशी यंत्राची रचना पूर्ण झालेली नव्हती. तरीही जाहिरातीत २८ दिवस होते, मागण्या आणि पैसे घेतले जात होते, आणि पहिली मोजकी यंत्रे एप्रिलच्या अखेरीस बाहेर पडली. त्यांतही यंत्राची मूळ आज्ञावली तिच्यासाठी राखलेल्या ३२ किलोबाइटच्या जागेत मावली नव्हती. उरलेला भाग मागच्या खाचेतून शेपटीसारख्या बाहेर डोकावणाऱ्या तुकड्यात घालून दिला होता. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेने ताशेरे ओढले, वृत्तपत्रांनी टिंगल केली. अप्रामाणिकपणाचा आरोप येथे टाळला तरी बेफिकिरीचा टाळता येत नाही. मिट्सपाशी कर्जाखेरीज काही नव्हते आणि तिला ग्राहकांच्या पैशाशिवाय मार्गच नव्हता. १९८४ मधले सिंक्लेअर देशातील सर्वांत नावाजलेल्या उद्योजकांपैकी होते आणि वर्षभर थांबणे त्यांना परवडले असते.

दुकान आणि टपाल यांच्यातला वाद काही वेळा कंपन्यांनीच मिटवायचा प्रयत्न केला. ॲपलने १९८१ च्या अखेरीस आपल्या अधिकृत विक्रेत्यांना टपालाने विक्री करायला मनाई केली. संगणक घेणाऱ्याला समोर बसून समजावून सांगावे लागते, आणि दुकानात तासभर शिकवणी घेऊन मग टपालाने स्वस्तात मागवणारे ग्राहक दुकानदाराला बुडवतील, असे तिचे म्हणणे होते. काही विक्रेत्यांनी भावांची स्पर्धा मारण्याचा हा डाव आहे असे म्हणून दावा लावला आणि १९८६ मध्ये अपिलातही ते हरले. ॲपलच्या म्हणण्यात तथ्य होते. टपालाने आलेल्या यंत्राला छपाईयंत्र जोडताना वायर जुळत नसेल, तर विचारायचे कोणाला? विक्रेत्याचा फोन बराच वेळ व्यग्र असे, तो लागला तर विक्रेता उत्पादकाकडे बोट दाखवे, आणि उत्पादक विक्रेत्याकडे. माल परत करायचा तर आधी परतीचा क्रमांक मिळवावा लागे, तो पेटीच्या बाहेर ठळक लिहावा लागे, क्रमांक नसलेली पेटी दारातूनच माघारी येई, मूळ वेष्टन फेकून दिले असेल तर हमी नाकारली जाई, आणि निव्वळ मन बदलले म्हणून परत केलेल्या वस्तूच्या किमतीतून बऱ्याचदा १५ टक्के रक्कम पुन्हा फडताळात ठेवण्याचा आकार म्हणून कापली जाई.

हा जाच कमी झाला तो टपालविक्री बंद पडल्यामुळे नव्हे, तर ती नीट चालवणारे निघाल्यामुळे. १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठातील वसतिगृहाच्या खोलीतून मायकेल डेल यांनी सुरू केलेल्या धंद्याने मागणी आल्यावरच यंत्र जोडण्याची पद्धत पुढे पूर्णत्वाला नेली. कार्डाचे पैसे काही दिवसांत हाती येत, भाग पुरवणाऱ्यांचे बिल महिन्याहून अधिक काळाने चुकते होई, आणि मधल्या काळात ग्राहकाचा पैसा कंपनीपाशी राही. म्हणजे तत्त्व मिट्सचेच होते; फरक इतकाच की माल खरोखर वेळेवर निघत असल्यामुळे या बिनव्याजी कर्जाची मुदत काही दिवसांवर आली, आणि ते दिल्याची जाणीव ग्राहकाला होईनाशी झाली.

भारतीय वाचकाला या कथेत एक गोष्ट अपरिचित वाटेल. येथे टपालाने वस्तू मागवण्याची जुनी रीत व्ही.पी.पी.ची, म्हणजे पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवून पार्सल सोडवून घेण्याची; पुस्तके, औषधे, घड्याळे अशीच घरी येत. तीत पैसे देण्यापूर्वी पार्सल उघडता येत नसल्याने आत विटेचा तुकडा निघण्याचा धोका होता, पण न आलेल्या मालासाठी महिनोन्महिने पैसे गुंतून पडण्याचा धोका नव्हता. स्पेक्ट्रमची परवान्याने बनवलेली आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये भारतात आणली, तोवर इंग्लंडमधला २८ दिवसांचा गोंधळ आटोपला होता. आता संकेतस्थळांवरील विक्रीसाठी २०२० चे ई-वाणिज्य नियम आहेत. सदोष निघालेला, जाहिरातीबरहुकूम नसलेला किंवा कळवलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ते सांगतात.

हे नियम काय आणि अमेरिकेचा १९७६ चा नियम काय, दोन्ही गृहीत धरतात की पैसे देणारा मनुष्य खरेदी करत आहे. २०१६ मध्ये इंडिगोगो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर स्पेक्ट्रमच्या नावाने वेगा प्लस हे हातात धरून खेळायचे यंत्र जाहीर झाले, पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोच देण्याचे वचन होते. पहिली मोजकी यंत्रे २०१८ च्या उन्हाळ्यात निघाली आणि २०१९ मध्ये ती काढणारी रेट्रो कम्प्युटर्स ही कंपनी गुंडाळली गेली. पैसे देणारे हजारो लोक, संकेतस्थळाच्या अटींप्रमाणे, ग्राहक नव्हते. ते वर्गणीदार होते, आणि वर्गणी दिल्याने वस्तू मिळण्याची हमी मिळत नाही, असे त्या अटींतच लिहिलेले होते.